विकतचा खेळ आणि त्याची किल्ली

बाजारातून आणलेली वस्तू हातात घेऊन पाहता येते, हा व्यवहाराचा जुना नियम. संगणकावरील खेळांनी तो मोडला, त्यालाही आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पूर्वी खेळ तबकडीवर मिळे. तबकडी डबीत असे, डबी दुकानाच्या फळीवर असे, आणि पैसे मोजून ती घरी आणली म्हणजे व्यवहार संपे. आता खेळाचे दुकान संगणकाच्या पडद्यावरच उघडते, किंमत तेथेच चुकती होते आणि माल तारेतून किंवा बिनतारी लहरींतून घरात उतरतो. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. या सावरगावात बसलेल्या मुलाला खेळ घेण्यासाठी आज नदीसुद्धा ओलांडावी लागत नाही. सोय मोठी खरी. परंतु हातात काहीच न येता दिलेल्या पैशांच्या मोबदल्यात आपणांस नेमके काय मिळते, हे दुकान घरी कसे मांडावे, आणि ते अडले तर दोष कोठे शोधावा, हे घरातील वडील माणसांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

घरगुती संगणकासाठी असलेल्या अशा दुकानांत सर्वांत मोठे दुकान 'स्टीम' हे होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू येथे असलेल्या व्हॉल्व्ह या कंपनीने ते १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केले. आरंभी त्याचा हेतू मर्यादित होता. कंपनीच्या स्वतःच्या खेळांतील दुरुस्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोचाव्यात, एवढेच त्याचे काम. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' हा खेळ निघाला, तेव्हा ज्यांनी तो तबकडीवर घेतला त्यांनाही स्टीमचे खाते उघडणे भाग पडले. पहिल्याच दिवशी कंपनीच्या सर्व्हरांवर एवढा ताण आला की, डबी हातात असूनही अनेकांना खेळासाठी खोळंबून राहावे लागले. या खेळांत तबकडी असूनही अंतिम परवानगी दूरच्या सर्व्हरची लागते, हे लोकांना तेव्हा प्रथम उमगले. २००५ पासून इतर कंपन्यांचे खेळही तेथे विकले जाऊ लागले, आणि २०१५ पासून भारतीय ग्राहकास किंमत रुपयांत दिसू लागली. पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेले 'जीओजी' आणि डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेले 'एपिक' ही याच जातीची दुसरी दोन दुकाने होत.

हे दुकान परदेशचे असले, तरी त्यातील माल सर्वस्वी परदेशचा नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ घडविला. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाचा शोध घेणारी राजी ही मुलगी त्याची नायिका, आणि तिला दुर्गेचे व विष्णूचे साहाय्य. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्टीमवर. तबकड्या छापून त्या देशोदेशींच्या दुकानांत पोचवावयाच्या, तर लहानशा संस्थेस ते झेपणे कठीण. स्टीमवर मात्र २०१७ पासून १०० डॉलरचे शुल्क भरून कोणासही आपला खेळ मांडता येतो. विक्रीतून दुकान सामान्यतः ३० टक्के हिस्सा घेते. पुण्यात घडलेला खेळ सावरगावातील मुलाला आणि सातासमुद्रापलीकडच्या मुलाला एकाच दिवशी मिळू शकतो, तो या व्यवस्थेमुळे.

आता विकत काय मिळते ते पाहू. संत्र्याच्या मुलखातील माणसास हे समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. बागवान आंबिया बहर व्यापाऱ्यास देतो, तेव्हा व्यापारी फळांचा धनी होतो, झाडांचा नव्हे. झाडे बागवानाचीच राहतात, आणि व्यापाऱ्याने बागेत केव्हा व कसे यावे, याच्याही अटी ठरलेल्या असतात. या दुकानातून घेतलेला खेळ असाच असतो. आपण घेतो ती तो खेळण्याची परवानगी. ती आपल्या नावच्या खात्याशी बांधलेली असते. ती दुसऱ्यास विकता येत नाही, आणि खाते हातचे गेले तर परवानगीही जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये याविषयी कायदा केला. ग्राहक मालकी घेत नसून परवाना घेत आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. तेव्हापासून स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ दिसते. जीओजीचा प्रघात थोडा निराळा आहे. तेथील खेळाची मूळ फाइल उतरवून पेन-ड्राइव्हवर ठेवता येते, आणि नंतर इंटरनेटवाचूनही तिच्यावरून खेळ पुन्हा बसविता येतो. ज्या घरी इंटरनेटचा भरवसा नाही, त्या घरासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

येथे एका शंकेचे निरसन करणे इष्ट होईल. मुलगा इंटरनेटवरच्या खेळासाठी पैसे मागतो, म्हणजे तो जुगारास लागला, असे पुष्कळ पालकांस वाटते. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या कायद्याने निषिद्ध ठरविले. किंमत देऊन खेळ घेणे आणि तो खेळणे हा व्यवहार त्याहून वेगळा आहे. पुस्तक विकत घेण्याशी त्याचे अधिक साम्य आहे. मात्र काही खेळ फुकट मिळतात आणि आत शिरल्यावर शस्त्रांचे रंग, पोशाख, पेट्या यांसाठी पुनःपुन्हा पैसे मागतात. त्यांवर लक्ष ठेवणे हे पालकांचे कर्तव्यच होय.

दुकान घरी मांडण्यापूर्वी प्रथम यंत्र तपासावे. गावात बहुधा जुना किंवा दुसऱ्याने वापरलेला संगणक येतो. विंडोज ७ आणि विंडोज ८ या प्रणालींवर १ जानेवारी २०२४ पासून, आणि ३२ बिटांच्या विंडोजवर २०२६ च्या आरंभापासून स्टीमने आपला आधार काढून घेतला आहे. तेव्हा यंत्रावर ६४ बिटांची विंडोज १० किंवा ११ असावी. प्रत्येक खेळाच्या पानावर त्यास लागणारी स्मृती, चित्रकार्ड आणि हार्ड डिस्कवरील जागा दिलेली असते. ती आपल्या यंत्राशी ताडून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. दुकानाचा प्रोग्राम केवळ कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवावा. कोणी पेन-ड्राइव्हवर आणून दिलेला वापरू नये.

यानंतर खाते. सर्व व्यवहाराचा पाया हाच आहे, आणि याच ठिकाणी सर्वांत अधिक हयगय होते. संगणक दुरुस्त करणारा गृहस्थ सोयीसाठी आपल्याच ई-मेलने खाते उघडून देतो, आणि पुढे परवलीचा शब्द विसरला म्हणजे नवा शब्द त्या गृहस्थाच्या ई-मेलकडे जातो. खाते घरातल्याच माणसाच्या ई-मेलने उघडावे. स्टीमच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलास स्वतःचे खाते उघडता येत नाही. २०२४ पासून तेथे कुटुंबाची सोय झाली आहे. एका घरातील सहा जणांपर्यंत आपापली खाती एकत्र जोडता येतात, आणि मुलाने कोणते खेळ व किती वेळ खेळावे, हे आईवडिलांस ठरविता येते.

खात्यास 'स्टीम गार्ड' नावाचे दुहेरी कुलूप असते. परवलीचा शब्द हे पहिले कुलूप, आणि मोबाइलवर किंवा ई-मेलवर येणारा तात्पुरता संकेत हे दुसरे. मोबाइलवरील कुलूप लावताना पुनःप्राप्तीचा एक कोड मिळतो. मोबाइल हरवला, फुटला अथवा विकला, तर खाते उघडण्यास तोच कामी येतो. तो मोबाइलमध्येच ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे होय. तो कागदावर लिहावा, आणि शेताची ऋण-पुस्तिका ज्या पेटीत असते त्या पेटीत तो कागद ठेवावा. आणखी एक सावधगिरी अशी की, दीर्घकाळ रिचार्ज न केलेला मोबाइल क्रमांक बंद पडतो आणि कालांतराने दुसऱ्या कोणास दिला जातो. यास्तव खात्याशी जोडलेला क्रमांक बदलला, की खात्यातही तो लगेच बदलावा.

खेळ उतरवून घेण्यास किती वेळ लागेल, याचा हिशेब आधीच करता येतो. इंटरनेटची गती मेगाबिटांत सांगतात आणि खेळाचा आकार गिगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. सेकंदाला १० मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. या गतीने ४० गिगाबाइटांचा खेळ उतरण्यास सुमारे नऊ तास लागतात. मोबाइलच्या योजनेत दिवसाला दीड गिगाबाइटच मिळत असेल, तर तोच खेळ जवळजवळ २७ दिवस घेईल, आणि घरातील इतरांस काहीच उरणार नाही. तेव्हा मोठा खेळ पाहून मोह झाला, तरी आधी हा भागाकार करावा. स्टीमच्या मांडणीत उतरविण्याच्या गतीस मर्यादा घालता येते, आणि खेळांच्या सुधारणा रात्रीच्या ठराविक वेळीच घ्याव्यात असेही सांगता येते. मध्येच वीज गेली तरी घाबरू नये. काम जेथे थांबले तेथून पुढे चालू होते. एकाच घरात दोन संगणक असतील, तर एकावर उतरलेला खेळ घरातल्या घरात दुसऱ्यावर नेण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. तिने इंटरनेटचा दुसरा खर्च वाचतो.

आता बिघाडाकडे वळू. दुकान उघडत नाही, खेळ उतरत नाही, उतरला तर चालत नाही, अशा तक्रारी नेहमीच्या. अशा वेळी माणूस गोंधळून सर्व काही पुसून टाकतो आणि पहिल्यापासून आरंभ करतो. त्यात उतरवलेला खेळ जातो आणि नऊ तास पुन्हा खर्ची पडतात. बागेत ठिबक घातलेला शेतकरी असे करीत नाही. टोकाच्या झाडास पाणी पोचले नाही, तर तो विहीर पाहतो, मोटर पाहतो, नळी पाहतो आणि शेवटी झाडाशी असलेले तोटीचे छिद्र पाहतो. येथेही दोष तीनच ठिकाणी असू शकतो : दुकानात, वाटेत किंवा आपल्या यंत्रात. तो कोठे आहे हे ठरल्याशिवाय कशासही हात लावू नये.

हे ठरविण्यास दोन प्रश्न पुरतात. संगणकावर इतर संकेतस्थळे उघडतात काय? उघडत नसतील, तर दोष वाटेत आहे. राउटर बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करावा, आणि तरीही न जमल्यास जोडणी पुरविणाऱ्यास कळवावे. इतर संकेतस्थळे उघडतात आणि दुकान तेवढे उघडत नाही, तर तेच दुकान मोबाइलवर, घरच्या जोडणीने नव्हे तर मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर, उघडून पाहावे. तेथेही न उघडल्यास दोष दुकानात आहे, आणि त्यावर उपाय एकच : वाट पाहणे. स्टीमची साप्ताहिक देखभाल अमेरिकेतील मंगळवारी होते. आपल्याकडे तेव्हा बुधवार लागलेला असतो. त्या मध्यरात्रीनंतर दुकान थोडा वेळ मिटले, तर काही बिघडले असे समजू नये. मोबाइलवर उघडले आणि संगणकावर उघडत नाही, तर मात्र दोष आपल्या घरातला समजावा.

घरातल्या दोषांत सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष घड्याळाचा आहे. जुन्या संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी असते; ती संपली की वीज गेल्यावर संगणकाचा दिनांक मागे जातो. दिनांक चुकला, की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे जुळत नाहीत, आणि दुकान आपणांस ओळखीनासे होते. दिनांक आणि वेळ नीट करून पाहावी. दोष वारंवार उद्भवत असेल, तर ती अल्पमोली बॅटरी बदलावी. दुसरे असे की, दुकानाची खिडकी मिटली म्हणजे दुकान बंद झाले असे होत नाही. ते पडद्याच्या कोपऱ्यात चालूच असते. तेथील चिन्हावरून 'एक्झिट' म्हणून ते पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडावे. निम्म्या तक्रारींचे निवारण येथेच व्हावे.

खेळ उतरत असता गती शून्यावर आली, तर तेवढ्यावरून इंटरनेटला दोष देऊ नये. माल आवळून बांधलेला येतो आणि आपल्या यंत्रात तो सोडविला जातो. हार्ड डिस्क मंद असेल, तर ती सोडविण्यात गुंतते आणि तोपर्यंत नवा माल थांबतो. पडद्यावर इंटरनेटची आणि डिस्कची रेघ वेगळी दिसते; डिस्कची रेघ हलत असेल, तर धीर धरावा. दोन्ही रेघा थांबल्या असतील, तर डिस्कवर जागा उरली आहे काय ते पाहावे, नंतर मांडणीत जाऊन उतरविण्याचा तात्पुरता साठा पुसावा, आणि तेही न लागू पडल्यास माल ज्या शहरातील सर्व्हरावरून येतो ते शहर बदलून पाहावे.

एकच खेळ चालत नाही आणि बाकीचे चालतात, तर त्या खेळाच्या नावावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' मध्ये जावे आणि 'व्हेरिफाय' हा आदेश द्यावा. दुकान तेव्हा आपल्याकडील प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहते आणि बिघडलेली तेवढीच पुन्हा आणते. तरीही खेळ काळा पडदा दाखवून मिटत असेल, तर चित्रकार्डाचा ड्रायव्हर त्या कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. विषाणुरोधक प्रोग्रामने खेळाची एखादी फाइल अडकवून ठेवली आहे काय, हेही पाहावे. आणि स्वतः दुकानाचाच प्रोग्राम बिघडला असे वाटले, तर त्याच्या फोल्डरमधील 'स्टीमॲप्स' व 'युजरडेटा' ही दोन फोल्डरे आणि 'स्टीम' ही मुख्य फाइल राखून बाकीचे पुसावे. प्रोग्राम पुन्हा उघडताच उरलेले स्वतः आणतो, आणि उतरविलेले खेळ सुरक्षित राहतात. कारण ते 'स्टीमॲप्स' मध्येच असतात.

इंटरनेट नसताना खेळावयाचे असेल, तर त्याची तयारी इंटरनेट असतानाच करावी लागते. एकदा आत शिरून, खेळ पूर्ण अद्ययावत करून, तो एकवार चालवून पाहावा, आणि मग 'ऑफलाइन' स्थिती निवडावी. सर्व खेळांस ही सवलत नसते. ज्यांत दूरच्या खेळाडूंशी सामना असतो, त्यांना जोडणी हवीच.

खेळ पसंत पडला नाही किंवा आपल्या यंत्रावर चालला नाही, तर पैसे परत मागता येतात. २०१५ पासून स्टीमचा नियम असा आहे की, खरेदीस १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असावा. तेव्हा नवा खेळ घेतल्यावर तो महिनाभर तसाच ठेवू नये. पहिल्याच संध्याकाळी तासभर चालवून पाहावा.

शेवटी लबाडीविषयी दोन शब्द. खाते चोरणारा मनुष्य कुलूप फोडीत नाही. तो आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो. ओळखीच्या मुलाच्या नावाने निरोप येतो : आमच्या संघाला मत द्या, किंवा मी चुकून तुमची तक्रार केली, आता अमुक अधिकाऱ्याशी बोला. दुव्यावर गेले, की हुबेहूब दुकानासारखे पान उघडते आणि परवलीचा शब्द मागते. दुकानाचा कोणताही अधिकारी गप्पांच्या खिडकीत येऊन शब्द, कोड अथवा पैसे मागत नाही. तसेच, शंभर खेळांचे तयार खाते दोनशे रुपयांत, अशा जाहिरातींस भुलू नये. खाती हस्तांतरित करता येत नाहीत. विकणारा ते दुसऱ्या दिवशी परत घेऊ शकतो, आणि दाद मागण्यास जागा उरत नाही. फुकट मिळणाऱ्या चोरट्या खेळांबरोबर पुष्कळदा असे प्रोग्राम येतात, की ते बँकेच्या कामासाठी त्याच संगणकावर टाइप केलेले परवलीचे शब्द उचलून नेतात. एका खेळाची किंमत वाचविताना घराचे खाते उघडे पडावे, हा सौदा परवडणारा नाही.

सावरगावचा मुलगा उद्या शिक्षणासाठी नागपूरला किंवा पुण्याला जाईल. संगणक घरीच राहील, परंतु त्याचे खेळ त्याच्याबरोबर जातील. तेथील यंत्रावर तो आपले खाते उघडील आणि सर्व काही जसेच्या तसे पुन्हा उतरवून घेईल. तबकडीच्या काळी हे शक्य नव्हते. मात्र त्यासाठी त्या दिवशी ई-मेल जिवंत असला पाहिजे, मोबाइलचा क्रमांक त्याचाच असला पाहिजे, आणि पेटीतला तो कागद वाचता आला पाहिजे. वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुटीत म्हणा, तो कागद बाहेर काढून या तीनही गोष्टी तपासून पाहाव्यात. काम दहा मिनिटांचे आहे.